वन्सं, उत्तर दिलं होतं

वन्सं,

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन तुम्हाला ठाऊकच आहे. ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं, हे माझ्या हाताला कधी कळलं नाही आणि अक्षर चौथीत होतं तिथंच राहिलंय. त्यात लिहितेय ते जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. तुमच्या टेबलाखाली अजून गठ्ठा शिल्लक आहे. कागद गुळगुळीत, पेन घसरतं, ओळ वर वर जाते. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सारून म्हणाला असता, "वैनी, ही ओळ कुठं निघाली? घाट चढाय लागली की."

तुम्ही गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन परवा झालं. कॉलेजातले सर बोलले, मॅडम बोलल्या, तुमच्या दोन विद्यार्थिनी बोलता बोलता रडल्या. तुमचं शिक्षण, तुमची नोकरी, सगळं नीट सांगितलं त्यांनी, ते मी परत लिहीत नाही. मग कुणीतरी म्हणालं, घरच्यांनी दोन शब्द बोलावेत. तुमच्या दादांनी माझ्याकडं बघितलं. मी चहाची किटली उचलून आत गेले.

पण मला बोलायचं होतं, वन्सं. तुम्ही मला एक प्रश्न विचारून ठेवला होता. माझ्या लग्नाच्या आधी तुम्ही सगळे मला बघायला आला होता, तेव्हा बैठकीत मी एक शब्दही बोलले नव्हते. ते गप्प बसणं होकार होता की नकार, एवढंच तुम्हाला हवं होतं. मी सांगितलं नाही. आज सांगायला बसले आहे.

आपल्या दोघींचं गल्लीतल्या बायकांना कोडं होतं. तुम्ही माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, कॉलेजात शिकवणाऱ्या, बिनलग्नाच्या, मोठ्यानं हसणाऱ्या. मी चार माणसांत मान वर न करणारी. ही मॅडम हिच्याशी बोलते तरी काय, असं त्या म्हणायच्या. त्यांना काय सांगणार, आम्ही माश्यांबद्दल बोलतो म्हणून?

किडे शोधायला गगनबावड्याला जाताना पहिल्यांदा मला नेलंत ते सोबत म्हणून. दादांची फौंड्रीत पाळी होती आणि सासूबाई तुम्हाला एकटीला रानात सोडायला तयार नव्हत्या. वैनीला ने, म्हणाल्या. तुम्ही लगेच तयार झालात. "बरं झालं. मला तिथं गप्प बसणारंच माणूस पायजे," असं म्हणालात. सासूबाईंना वाटलं तुम्ही मला टोमणा मारला. मला मात्र पहिल्यांदा वाटलं की माझा हा गुण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय.

एसटीतून उतरून आपण ओढ्यापर्यंत चालत गेलो. तुम्ही साडी खोचून गुडघाभर पाण्यात शिरलात आणि एक दगड उलटा करून माझ्यापुढं धरलात. दगडाला एक चपटा किडा चिकटला होता, मागं दोन बारीक शेपट्या. थंड आणि वाहतं पाणी असेल तरच हा जगतो, पाणी घाण झालं की पहिल्यांदा हाच जातो, असं तुम्ही सांगितलंत. मोठा झाला की दगडावर चढतो, अंगावरची कात तिथंच सोडतो आणि पंख घेऊन बाहेर पडतो. मग थोड्याच दिवसांचं आयुष्य. काठच्या दगडांवर त्या काती मी बघितल्या. लहान पोराचं झबलं वाळत घालावं तशा चिकटलेल्या होत्या.

मी विचारलं, याला आपल्यात काय म्हणतात. तुम्ही म्हणालात, "काय म्हणत न्हाईत. आपल्या आधीपासनं इथं ऱ्हातोय, पण कुणी हाक मारली न्हाई." मग आपणच दगडमाशी म्हणायला लागलो.

दगडमाशी ठोकते, हे तुम्हीच मला सांगितलंत, आणि मला ते आधी खरं वाटलं नाही. नर आपल्या पोटाचं टोक पानावर, काटकीवर, जिथं बसला असेल तिथं आपटतो. हवेतून आवाज जातो असं नाही. ती थरथर काटकीतून जाते आणि दुसरीकडं बसलेल्या मादीच्या पायांना कळते. आपल्या कानाला काही कळत नाही. तुम्हाला ते कानानं ऐकायचं होतं. प्लास्टिकच्या डब्या झाल्या, काचेच्या झाल्या, काही ऐकू येईना. पातळ पण ताठ असं काहीतरी पाहिजे, असं म्हणत तुम्ही घरभर फिरत होता. मी कपाटावरच्या जुन्या लग्नपत्रिका काढून दिल्या. जाड कार्ड, कडक, नखानं टिचकी मारली तर टण्ण वाजणारं. मैद्याची खळ करून मी त्यांच्या पेट्या केल्या आणि वर तुमच्या जुन्या ओढणीची जाळी बांधली.

सासूबाई चिडल्या. लोकांच्या लग्नाच्या पत्रिका कापू नयेत, म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, "आई, नुसतं कापत न्हाई. आतनं लग्नच लावतोय." त्या दिवशी सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

आणि मग तो आवाज. सकाळची वेळ होती. दोन पेट्या एकमेकींना चिकटवून ठेवलेल्या, एकीत नर, एकीत तुम्ही बादलीत वाढवलेली कोवळी मादी. गाणं म्हणणाऱ्या ग्रीटिंगमधली पितळेची चकती काढून तुम्ही कार्डाखाली लावली होती, तिची वायर मोबाईलला. इयरफोनची एक बोंडी तुमच्या कानात, एक माझ्या. आधी नुसती खरखर. मग टक टक टक टक, कुणीतरी पोह्याच्या डब्यावर नखानं वाजवावं तसं. मग तो थांबला. आणि दुसरीकडून, अगदी हळू, टक टक.

तुम्ही माझा हात इतका जोरात दाबलात की बांगडी रुतली.

तो परत ठोकायचा, थांबायचा. ती उत्तर द्यायची. तो जरा पुढं चालायचा, परत विचारायचा. ती जागची हलत नव्हती. हे मला फार आवडलं, वन्सं. शोधत यायचं काम त्याचं. प्रत्येक जातीचा ठोका वेगळा असतो, दुसऱ्या जातीचा ठोका आला तर ती लक्षच देत नाही, असं तुम्ही सांगितलंत. आणि जिचं एकदा जुळलं ती नंतर कुणालाच उत्तर देत नाही. तो बिचारा ठोकत राहतो आणि शेवटी निघून जातो.

"गप्प म्हणजे नाही," तुम्ही म्हणालात. "किती सोपं आहे, बघा."

मी म्हटलं, "आमच्यात गप्प म्हंजे व्हय."

तुम्ही कानातली बोंडी काढलीत आणि माझ्याकडं बघत राहिलात. तिथून आपला वाद सुरू झाला. पुढची सगळी वर्षं भांडी घासताना, एसटीत, ओढ्याच्या काठी आपण तोच घोळवत राहिलो. माणसाला तोंड दिलंय तर त्यानं तोंडानं सांगावं, हे तुमचं. सगळं तोंडानं कुठं सांगता येतं, हे माझं. तुम्ही ओरडायचा, मी भाकरी थापत राहायची. कुणीच जिंकलं नाही.

मग माझ्या प्रज्ञाला बघायला मुरगूडचे पाहुणे आले. तो दिवस मी आता हसून आठवते, तेव्हा हसू आलं नव्हतं.

मुलाचे वडील मोठ्या आवाजाचे, जीप करून आलेले. त्यांचं बाजारात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. मुलगा सिद्धार्थ त्याच दुकानात काम करणारा, बैठकीच्या कोपऱ्यात बसून पोहे चिवडत होता. प्रज्ञा माझ्यावर गेलेली. पतसंस्थेत नोकरी करते, पण बैठकीत बसली की नजर फरशीवर. वडील म्हणाले, "आमाला पोरगी पसंत हाय. पोरीचं काय?" आमच्याकडचं कुणीतरी म्हणालं, ती काय सांगणार, गप्प हाय म्हणजे व्हयच की.

तुम्ही उठून उभ्या राहिलात.

"थांबा. गप्प म्हणजे होकार कसा? प्रज्ञा, तुला मुलगा पसंत आहे का?"

प्रज्ञा गप्प. तुम्ही परत विचारलंत. ती अजून गप्प, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"झालं तर मग," तुम्ही म्हणालात. "तिचा नकार आहे."

मुलाच्या वडलांनी बशी खाली ठेवली. "ओ मॅडम, पोरीनं तोंड उघडलं न्हाई आन तुमी नकार कुटनं काढला?"

तिथं तुम्ही थांबायला हवं होतं. पण तुम्ही त्या भरल्या बैठकीत दगडमाशीचं सांगायला लागलात. नर कसा ठोकतो, मादी कधी उत्तर देते, कधी देत नाही. पोटाचं टोक वगैरे सगळं. दादांनी कपाळाला हात लावला. पाहुण्यांमधल्या एका बाईला हसू आवरेना. वडील उठले, टोपी डोक्यावर घातली.

"आमी पोराला बायको बघाय आलतो, माशी न्हवं. निदान गाडीभाडं तरी द्या, पावणं. मुरगूडपासनं जीप करून आलोय."

आणि ते गेले. पोह्यांचं पातेलं तसंच राहिलं. प्रज्ञा स्वयंपाकघरात येऊन माझ्या खांद्यावर रडली. आत्याला कुणी सांगितलं होतं मधे पडायला, मला पसंत होता तो, असं म्हणत रडली. तुम्ही दारात उभ्या होता. तुम्ही ते ऐकलंत आणि मागच्या मागं तुमच्या खोलीत गेलात. जेवायला आला नाहीत.

मी तुम्हाला काही बोलले नाही. तुम्हाला वाटलं मी रागावले. रागावले होतेच, वन्सं, खोटं कशाला लिहू.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही परसात पेट्यांपाशी बसला होता. दव पडून कार्डं ओली झाली होती, मऊ पडली होती. मी चहा घेऊन आले तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, "वैनी, हे बगा. तो ठोकतोय. दिसतंय मला, पोट हलतंय. पण कार्ड ओलं झालंय. तिच्यापर्यंत पोचतच न्हाई."

मी कप ठेवला. तुम्ही ओलं कार्ड पदरानं टिपलंत.

"काल पण असंच झालं की. एवढी माणसं, एवढा आवाज, त्यात मी विचारलं. तिच्यापर्यंत पोचलंच न्हाई काय. आन मी गप्प म्हंजे नाही म्हणून मोकळी झाले."

मग उठलात, तोंड धुतलंत, आणि मला म्हणालात, चला, मुरगूडला.

पाकिटात गाडीभाडं घातलंत. पूर्ण जीपचं. एसटीत सगळ्या वाटेवर तुम्ही माफी कशी मागायची ते पाठ करत होता, कॉलेजात शिकवायच्या आधी करायचा तसं. पण दुकानात पोचलो आणि तुमचं सगळं पाठांतर गेलं. सिद्धार्थ एका मोटारीवर वाकला होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यानं मोटारीच्या अंगाला टेकवलं होतं आणि मूठ कानाला लावली होती. डोळे मिटलेले. मोटार चालू, दुकानात व्हार्निशचा वास.

"काय ऐकतोयस?" तुम्ही विचारलंत.

तो दचकला. "बेअरिंग. आवाज बाहेर येत न्हाई, पण लोखंडातनं कळतंय. गेलंय का ऱ्हायलंय ते."

तुम्ही माझ्याकडं वळलात. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. एवढ्या शिकलेल्या बाईचा चेहरा, पण जत्रेत पाळणा बघितलेल्या पोरीसारखा. "वैनी, याला ऐकता येतंय," म्हणालात. मग तुम्ही त्याला तुमच्या पेटीचं सांगितलंत, पितळेच्या चकतीचं सांगितलंत, आणि तो खरंच विचारत होता, वायर कुठली वापरता, खरखर कशी घालवता. वडील गल्ल्यावर बसून हे सगळं ऐकत होते. शेवटी तेच म्हणाले, "मॅडम, तुमी माफी मागाय आलाय का मोटार शिकाय?"

तुम्ही हात जोडलेत. बैठकीत माझं चुकलं, पोरीचा दोष नाही, तिला मी नीट विचारलंच नव्हतं, असं सरळ सांगितलंत. आणि पाकीट पुढं केलंत.

त्यांनी ते घेतलं नाही. पाकीट परत तुमच्याकडं सरकवलं. "ऱ्हाऊ दे. हिशोब पुरा केला की येणंजाणं संपलं. मला ते अजून संपवायचं न्हाई. पोराला एकदा परत पाठवतो, बघू."

सिद्धार्थ एकटाच आला, मोटारसायकलवरून. तुम्ही परसातल्या धुण्याच्या दगडावर दोन पेट्या ठेवल्यात, कोरड्या, नव्या केलेल्या. एक बोंडी त्याच्या हातात, एक प्रज्ञाच्या. आणि मला दंडाला धरून पुढच्या दारी घेऊन गेलात. इथून हलायचं नाही, म्हणालात. पण स्वतःच दोनदा उठलात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं ते तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. दोघं पेटीवर वाकले होते. बराच वेळ. मग त्यानं काहीतरी विचारलं आणि थांबला. नुसता थांबला, घाई नाही, परत विचारणं नाही. प्रज्ञानं वर बघितलं आणि बोलली.

आत आली ती मला म्हणाली, "आई, मी व्हय म्हटलं. तोंडानं." आणि तुमच्याकडं बघून हसली. तुम्ही तिला जवळ घेतलंत आणि मग परसात जाऊन पेट्या आवरत बसलात, कारण तुमचे डोळे भरले होते.

लग्नात पांढऱ्या साडीतली प्रज्ञा किती मोठ्यानं प्रतिज्ञा बोलत होती. पत्रिकेच्या उरलेल्या गठ्ठ्यावर तुम्ही लग्नाच्या आधीच हक्क सांगितला होता. आणि तेव्हापासून व्याही प्रत्येक वेळी भेटले की पहिलं वाक्य तेच. "मॅडम, आमचं गाडीभाडं ऱ्हायलंय." डिझेल वाढलं की म्हणायचे, आता आजच्या भावानं घेणार. तुम्ही म्हणायचा, व्याजासकट देते, पण आधी पावती द्या. बारशाला, दिवाळीला, शिरोळला पूर आला तेव्हा माझ्या माहेरच्या माणसांना आसरा द्यायला ते स्वतः ट्रॅक्टर घेऊन आले तेव्हासुद्धा. पाण्यात भिजलेले, थकलेले, आणि तुम्हाला बघून म्हणाले, मॅडम, भाडं वाढलं की. तुम्ही देत नव्हता, ते घेत नव्हते.

प्रज्ञाच्या लग्नानंतर, पावसाळा सरून पाणी निवळल्यावर, आपण परत ओढ्यावर गेलो. दगडावर बसून भाकरी खात होतो. तुम्ही भाकरीचा तुकडा हातातच धरलात आणि विचारलंत.

"वैनी, तुम्हाला बघाय आलतो तेव्हा तुमी कायच बोलला नव्हता. ते काय होतं?"

मी म्हटलं, पाणी आणते, आणि उठले.

तुम्हाला ते का खुपत होतं, मला ठाऊक होतं. मला बघून घरी गेल्यावर तुम्हीच हट्ट धरला होता. सातवीत होता तुम्ही. हीच वैनी पायजे, दुसरी आणाल तर मी जेवणार न्हाई, असं म्हणून तुम्ही ताट सरकवलं होतं. दादा अजून ते चिडवतात. तुमच्या हट्टानं एक मुलगी मनात नसताना या घरात आली का, हा काटा तुम्हाला प्रज्ञाच्या बैठकीनंतर टोचायला लागला. नंतरही तुम्ही विचारलंत. मी दर वेळी काहीतरी काम काढलं. मला उत्तर नव्हतं असं नाही, वन्सं. ते सांगायला लागलं की मला माझाच आवाज परका वाटायचा.

दवाखान्यात शेवटी तुम्हाला बोलता येत नव्हतं. केस विरळ झाले होते, तरी मी रोज विंचरून बारीक वेणी घालायची. तुम्ही डोळे मिटून पडलेल्या होता. आणि तुमचं बोट हललं. खाटेच्या लोखंडी कडेवर नखानं टक टक टक टक. मग थांबलं. मला कळलं. मी पलीकडच्या कडेला बोट टेकवलं आणि हळूच टक टक केलं. नर्सबाई बघत होती, मी लाजले नाही. तुमच्या ओठाचा कोपरा हलला. पण ते उत्तर एवढंच होतं की मी इथं आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं ते. ते आता लिहिते.

त्या दिवशी आमच्या घरात बैठक भरली होती. मी अठराची. तुमच्या आत्यानं मला चालायला लावलं, एका काकूनं हात बघितले, कुणी विचारलं स्वयंपाक येतो का, कुणी विचारलं शाळा का सोडली. माझ्या वडलांनी तुमच्या वडलांना विचारलं, पसंत हाय न्हवं? मला कुणी विचारलंच नाही. मी गप्प होते. तो होकार नव्हता आणि नकारही नव्हता. त्यात माझं काहीच नव्हतं, वन्सं. ते सगळे आपापसात बोलत होते.

मग मी आत चुलीपाशी गेले. आणि तुम्ही पाणी मागायला आत आलात. निळा स्कर्ट, पायात एकच पैंजण, एक वेणी अर्धी सुटलेली. तुम्ही पाणी प्यालात, भांडं ठेवलंत आणि जायच्या ऐवजी तिथंच उभ्या राहिलात. मला म्हणालात, "आमच्या आईच्या हाताला सूज येतीय, तिला वेणी घालाय येत न्हाई. तू आमच्यात आलीस की माझी वेणी घालशील?"

आणि तुम्ही थांबलात. मी काय म्हणते ते बघत थांबलात. त्या दिवशी त्या घरात मला विचारून थांबलेलं दुसरं कुणीच नव्हतं.

मी बोलले नाही. पण मी तुम्हाला खांद्याला धरून खाली बसवलं. सुटलेली वेणी पूर्ण सोडली, बोटांनीच विंचरली आणि घट्ट घातली. तुमची रिबीन कुठं तरी पडली होती. मी माझ्या केसांतली लाल काढली आणि तुमच्या वेणीला फूल करून बांधली. आई ओरडली, अगं तुझे केस सुटले, बाहेर पाहुणे आहेत. मी तशीच बसले. तुम्ही वेणी पुढं घेऊन बघितलीत, हसलात आणि पळत बाहेर गेलात.

तुम्हाला ते आठवत नव्हतं. वेणीचं काम झालं म्हणून तुम्ही विसरलात. तुम्हाला बैठक आठवत राहिली, कारण मोठी माणसं तिथं बसली होती. पण मला विचारलं होतं ते तुम्ही, चुलीपाशी, आणि मी तिथंच उत्तर दिलं होतं. जातानाच्या बैलगाडीत मागं बसलेल्या तुमच्या पाठीवर माझी लाल रिबीन मी वळणापर्यंत बघत होते. मला तुमच्या घरी यायचं होतं. तुमच्या दादांना तर मी त्या दिवशी नीट बघितलंही नव्हतं. ते नंतर आवडले, आणि पुरेसे आवडले, हे त्यांना सांगू नका.

म्हणून वन्सं, मनात कुठलाही काटा ठेवू नका. कुणाच्या हट्टानं मी आले नाही. आपला वादही तसाच राहू दे. माणसानं तोंडानं सांगावं, हे तुमचं बरोबर असेल. पण माझी रिबीन चुकीची नव्हती.

आता परवाचं सांगते आणि थांबते.

जेवणं झाली. माणसं पांगायला लागली. व्याही अंगणात मंडपाच्या खांबाला टेकून खुर्चीत बसले होते. आता थकलेत ते, काठी लागते. तुमच्या फोटोकडं बघत होते. सवयीनं म्हणाले, "मॅडम, आमचं गाडीभाडं ऱ्हायलं की वो." टोपी काढून डोळे पुसायला लागले.

मी आत गेले. साड्यांना फॉल लावून जमवलेले माझे पैसे डब्यात होते. मुरगूडहून इथवर जीपचं आज काय घेतात ते मी सिद्धार्थला सकाळीच विचारून ठेवलं होतं. पैसे घेऊन बाहेर आले. सगळे बघत होते, कॉलेजातले सर, गल्लीतल्या बायका, तुमचे दादा. मी मधोमध चालत गेले आणि त्यांच्यापुढं उभी राहिले.

"पावणं, हे आमच्या वन्संचं गाडीभाडं. आजच्या भावानं हाय. पूर्ण."

व्याह्यांनी वर बघितलं. "ताई, तुमी बोललासा?"

"वन्संचं कुणाकडं काय ऱ्हायला नको," मी म्हटलं. माझा आवाज मला परका वाटला नाही.

ते पैशांकडं बघत राहिले. मग हळू म्हणाले, "घेतलं की हिशोब पुरा हुतोय. आन आमचं येणंजाणं?"

"ते कवा भाड्यावर हुतं? रविवारी या. जेवायलाच या."

त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि पैसे घेतले. मोजले नाहीत. घडी करून आतल्या खिशात ठेवले, वरून हात फिरवला, आणि तुमच्या फोटोकडं तोंड करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम, पोचलं बरं का. फिटलं सगळं."